फिकट चौकोन

चौकोन फिकट झाला की माणूस बरा होतोय, असं त्या रुग्णालयात सगळेच धरून चालले होते. नर्सेस तसं म्हणायच्या, वॉर्डबॉय म्हणायचे, आणि बाहेरच्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांपर्यंतही ते पोचलं होतं. "आमचे वडील कालपासून फिकट आलेत," असं कुणी सांगितलं की शेजारचा माणूस समाधानानं मान हलवायचा. प्रणिता मगदूमनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला मनातून बरं वाटलं होतं. तो फिकटपणा तिनं स्वतः ठरवलेला होता.

तिचं काम संगणकाच्या पडद्याचं. सांगलीत विश्रामबागेत तिच्या कंपनीचं लहानसं ऑफिस होतं. पडद्यावरच्या चौकोनाला रंग कोणता द्यायचा, कडा किती जाड ठेवायची, कोपरे किती गोल करायचे, खाली सावली पाडायची की नाही, हे ती दिवसभर बसून ठरवायची. "आमची पनू चौकोन रंगवती आणि त्याला नोकरी म्हणती," असं तिचे दाजी चारचौघांत सांगायचे, आणि मग तेच चारचौघांना तिचे पडदे कौतुकानं दाखवायचे. आई-वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीनं, कुसुम आक्कानं, आणि दाजींनी प्रणिताला तासगावला आपल्या घरी आणलं, शिकवलं. दाजींचं नाव भूपाल. बेदाणा वाळवण्याचं शेड चालवायचे. प्रणिताला पुण्याच्या कॉलेजात सोडायला तेच गेले होते, आणि वसतिगृहाच्या खोलीतला पंखा नीट फिरतो की नाही हे बघितल्याशिवाय परतले नव्हते.

मिरजेच्या त्या रुग्णालयातलं काम कंपनीला मिळालं तेव्हा अतिदक्षता विभागाचा जुना पडदा म्हणजे नुसता कलकलाट होता. बारा खाटा, बारा चौकोन, सगळे एकसारखे. कुणी खोकलं, कुणाच्या बोटाची वायर सैल झाली, की चौकोन लाल व्हायचा आणि वाजायला लागायचा. दिवसभर ते ऐकून नर्सेसना त्याची सवय झाली होती. खोकल्याचा लाल आणि जिवावरचा लाल, दोन्ही त्यांना सारखेच दिसायचे.

तोडगा सुचला तो तन्वीर इनामदारला. तन्वीर कंपनीचा गणिती. मशीनला शिकवायचं काम त्याचं. त्याचं म्हणणं असं, की वॉर्डात औषधं भरपूर आहेत, यंत्रं भरपूर आहेत, टंचाई आहे ती नजरेची. दोन नर्सेसच्या चार डोळ्यांनी बारा माणसांकडे बघायचं. मग ती नजर मोजायलाच हवी. त्यानं पडद्याच्या वर एक कॅमेरा बसवला. नर्सची बुबुळं कोणत्या चौकोनावर किती वेळ टेकली, त्यानंतर ती उठली का, काही केलं का, आणि त्या करण्यानं रुग्णाचं पुढच्या काही तासांत भलं झालं का, हे सगळं मशीन बघत राहिलं. अशा लाखो नजरा पाहून झाल्यावर त्याला एक गोष्ट सांगता यायला लागली: आत्ता, या क्षणी, कुणाकडे बघितलं तर सगळ्यांत जास्त फरक पडेल.

पुढचं काम प्रणिताचं. तिनं आवाज काढून टाकले. हृदय थांबलं तरच वाजेल अशी एक घंटा तेवढी ठेवली. आणि मशीनच्या हातात तिनं चौकोनाचा एकच गुण दिला, ओपॅसिटी, म्हणजे रंग किती भरीव दिसावा ते. शंभरावर चौकोन ठळक, शून्यावर नाहीसा. पंचवीसच्या खाली नाव वाचता येत नाही, म्हणून तिथं तिनं तळ घातला. सगळेच ठळक झाले तर कुणीच ठळक राहत नाही, म्हणून एक चौकोन वर चढला की बाकीच्यांनी थोडं थोडं खाली उतरायचं, असा नियम घातला. रंग एकदम न बदलता सावकाश बदलावा, हेही तिनंच ठरवलं. नर्सच्या डोळ्यांना झटका बसायला नको.

पडदा लागला आणि वर्षभरात त्या वॉर्डातले मृत्यू डोळ्यांत भरण्याइतके कमी झाले. दुसऱ्या गावांची रुग्णालयं बघायला यायला लागली. आणि मग एका सोमवारी दाजींना तिथंच आणावं लागलं.

स्वादुपिंडाला सूज आली होती. पोट धरून घरातून निघालेला माणूस दोन दिवसांत खाट क्रमांक सातवर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून पडला होता. बुधवारी सकाळी प्रणिता सांगलीहून बिनचालकाच्या बसनं मिरजेला पोचली, तेव्हा आक्का बाकावर बसून मुलीशी, ऋजुताशी, फोनवर बोलत होती. चेहरा उजळलेला होता.

"नको येऊ, बाळा. नवीन नोकरी आहे, लगेच रजा मागू नको. फिकट आलेत म्हणे सकाळपासनं. होय, रूथ सिस्टरच म्हणाल्या." फोन ठेवून तिनं प्रणिताचा हात धरला. "ऋजुताला सांगितलं, येऊ नको म्हणून. गुवाहाटीसनं यायचं म्हणजे काय सोपं हाय का. तुझाच पडदा म्हणायलाय, आता काळजी नाही."

प्रणिता आत गेली. रूथ मोहिते ही तिथली जुनी नर्स. पडदा बसवताना महिनाभर तिनं प्रणिताबरोबर बसून रंग तपासून दिले होते. तिनं लांबूनच हसून बोट दाखवलं. सात नंबरचा चौकोन खरंच उतरला होता, राखेसारखा. प्रणिताला हायसं वाटलं आणि ती दाजींच्या खाटेपाशी गेली.

तिथं तिला बरं वाटेना. दाजींचा चेहरा मेणासारखा पिवळा पडला होता. पोट ताणलेलं. श्वास घेताना खांदे वर उचलले जात होते. मूत्रपिंडासाठी लावलेलं यंत्र बाजूला घरघरत होतं. बऱ्या होणाऱ्या माणसाचं असं काही असतं का, हे तिला कळत नव्हतं. पण तिनं पुन्हा वळून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा दाजींकडे पाहिलं, आणि दोन्हींचा मेळ बसेना. ती पायऱ्या उतरून बाहेर आवारात आली आणि तिनं तन्वीरला फोन लावला.

"चौकोन फिका कधी होतो रे?"

"तुलाच माहीत की. बघायची गरज नसते तेव्हा."

"गरज नसते म्हणजे काय? मशीनच्या भाषेत सांग."

"बघितल्यानं फरक पडणार नसतो तेव्हा."

"फरक कुणाला पडत नाही?"

"जो आपोआप बरा होणार आहे त्याला," तन्वीर म्हणाला. "आणि ज्याला काही केलं तरी उपयोग नाही, त्याला."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. प्रणितानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोघं सारखेच दिसतात?"

"आपण मशीनला फरकच विचारला होता, प्रणिता. माणसाचं काय होणार, हे विचारलं नव्हतं. दोन्हीकडं फरक शून्य. मग दोन्हीकडं तुझा पंचवीस."

"तुला माहीत होतं."

"उन्हाळ्यात एकदा लक्षात आलं होतं. आकडे इतके चांगले येत होते, की मी... ठेवलं तसंच. नर्सेसना ते कळत असेल असं वाटलं मला. आणि त्यातनं माणसं वाचत होती, हे खोटं नाही."

"दाजी कुठल्यातले आहेत?"

"ते वेगळं काढावं लागेल. जमेल. दुपारपर्यंत सांगतो."

दुपारपर्यंत काय करायचं, हे प्रणिताला सुचेना. ती वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत जाऊन बसली. चाचणीच्या काळात तिथं कंपनीचा संगणक ठेवला होता, तो अजून तसाच होता, आणि प्रणिताला दिलेले अधिकारही कुणी काढून घेतले नव्हते. तिनं पडद्याचा आराखडा उघडला. बारा चौकोन. सातव्यावर टिचकी मारली, तशी उजव्या बाजूला त्याच्या गुणांची पट्टी उघडली. भरण, कडा, कोपरे, सावली, ओपॅसिटी. शेवटच्या आकड्याशेजारी कुलपाचं लहानसं चिन्ह होतं. ते दाबलं की आकडा माणसाच्या हातात येतो, मशीन त्याला शिवत नाही.

आक्का बाहेर कुणाला तरी सांगत होती, की रविवारपर्यंत घरी नेऊ. काचेतून तिचा फक्त हात दिसत होता, बोलण्याबरोबर हलणारा.

प्रणितानं कुलूप दाबलं आणि पंचवीसच्या जागी शंभर लिहिलं.

सात नंबर सावकाश भरत गेला. रूथ सिस्टरची मान वळली. ती उठून दाजींकडे गेली, नळ्या बघितल्या, परत येऊन बसली, पुन्हा वर बघितलं, पुन्हा उठली. तिनं डॉक्टर कानिटकरांना बोलावलं. ते आले, पोटाला हात लावला, ऑक्सिजन वाढवला, रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. दाजींच्या भोवती माणसं जमलेली बघून प्रणिताला गेल्या कित्येक तासांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. बघतायत ना सगळे, आता बघतायत. तिनं खुर्चीत पाठ टेकली.

चार नंबरवर रेश्मा नावाची तरुण बाई होती, आदल्या दिवशी बाळंत झालेली. सकाळी तिचा चौकोन चांगला ठळक होता. आता नियमाप्रमाणे तो इतरांबरोबर उतरला होता. प्रणिताची नजर त्याच्यावर गेली ती निव्वळ जुन्या सवयीनं, रंग बरोबर उतरलाय का हे बघायला. रंग बरोबर उतरला होता. आतले आकडे मात्र पळत होते. नाडी वाढत होती, रक्तदाब घसरत होता. चौकोन वर चढायला धडपडत होता, पण वरची जागा तिनं कुलूप लावून अडवून ठेवली होती. रूथची पाठ चार नंबरकडे होती. दुसरी नर्स टोकाच्या खाटेपाशी ड्रेसिंग करत होती.

प्रणितानं काचेवर हात आपटला आणि दार उघडून धावली. "सिस्टर, चार नंबर. आधी चार नंबर बघा."

रूथनं पांघरूण बाजूला केलं तर खालची चादर रक्तानं भिजली होती. मग जे सुरू झालं त्यात प्रणिताला कुणी काही विचारलं नाही. रेश्माची खाट ढकलत शस्त्रक्रियेच्या खोलीकडे नेली, दार मिटलं. प्रणिता काचेच्या खोलीत परत आली. कुलपावर टिचकी मारायला ती दोनदा चुकली.

कुलूप निघालं. चौकोन एकदम उतरला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण रंग सावकाश बदलावा हे तिनंच ठरवलं होतं. दाजींचा चौकोन थोडा थोडा करून विरत गेला, आणि तो राखेसारखा होईपर्यंत ती समोर बसून राहिली.

रेश्मा वाचली. तासाभरानं रूथ सिस्टर ते सांगायला आत आली आणि दारातच उभी राहिली. "एक कळत नाही मला. ती चार नंबर ठळक कशी झाली नाही?"

"मी सात नंबर हातानं अडकवून ठेवला होता," प्रणिता म्हणाली.

रूथनं वळून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझा भाऊ असता तर मीपण केलं असतं कदाचित. पण मला विचारलं असतंत तर मी तुमच्या दाजींपाशी नुसतीच जाऊन बसले असते. पडदा खोटा करायला नको होता. आम्ही त्याच्या भरवशावर पाठ फिरवतो."

तेवढ्यात तन्वीरचा फोन आला. त्यानं प्रस्तावना केली नाही.

"दुसरा प्रकार," तो म्हणाला. "मी तीनदा चालवून बघितलं. मशीन चुकू शकतं, हे तुला माहीत आहे. पण माझ्या घरचं कुणी असं असतं, तर मी लांबच्या बहिणीला आजच बोलावून घेतलं असतं."

आक्का बाकावर डबा उघडून बसली होती. प्रणिता तिच्या शेजारी टेकली. "आक्का, ऋजुताला फोन कर. आज निघायला सांग."

"कशाला? फिकट आलेत ना?"

"फिकट दोन तऱ्हेचे असतात."

आक्कानं हातातला घास डब्यात ठेवला. प्रणिता सांगत गेली, आणि सांगताना तिला स्वतःचेच शब्द परके वाटत होते. नजर, फरक, शून्य. आक्का तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हे कुणी केलं असं?"

"मी. मी आणि तन्वीरनं. मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं."

"म्हणजे सकाळपासनं मी इथं लोकांना पेढे वाटायच्या गोष्टी करायले, आणि..." तिनं डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसेना, पुन्हा काढून लावलं. "सिस्टरला माहीत होतं?"

"नाही. इथं कुणालाच नाही."

"तू माझ्याशी आता बोलू नको थोडा वेळ," आक्का म्हणाली आणि फोन घेऊन खिडकीपाशी गेली.

डॉक्टर कानिटकरांना प्रणितानं सगळं सांगितलं, कुलपाचंही. ते संतापले, त्यांनी तिचे अधिकार तिथल्या तिथं काढून घ्यायला लावले. आणि मग चष्मा काढून म्हणाले, की सात नंबरबद्दल त्यांनाही सकाळपासून शंका होती, पण पडदा शांत होता म्हणून त्यांनी ती मनातच ठेवली. त्यांनी आक्काला आत बसायला परवानगी दिली. एरवी नातेवाइकांना दिवसातून एकदा, तेही उभ्याउभ्या.

ऋजुता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली. दाजींना हाक मारली तेव्हा त्यांनी कष्टानं डोळे उघडले. मास्कच्या आतून म्हणाले, "तुला कुणी बोलावलं?"

"मावशीनं."

दाजींनी नजर फिरवून प्रणिताला शोधलं. तिच्याकडे बघता बघता त्यांना काय ते समजलं, हे तिला दिसलं. त्यांनी ऋजुताचा हात ओढून छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मधूनमधून ते तिच्याशी बोलत होते. शेडचं, गुवाहाटीच्या थंडीचं, असंच काहीबाही. शुक्रवारी सकाळी ते गेले. आक्का आणि ऋजुता दोन बाजूंना होत्या. घंटा वाजली ती रूथ सिस्टरनं लगेच बंद केली.

तेराव्यानंतर प्रणिता कामावर गेली, तेव्हा तो प्रश्न टेबलावर तिची वाट बघत होता. पडदा आता इतर रुग्णालयांतही जायचा होता, आणि दोन फिकट वेगळे दाखवल्याशिवाय तो जाऊ द्यायचा नाही हे डॉक्टर, तन्वीर आणि कंपनी सगळ्यांनाच मान्य होतं. पण दुसरा फिकट दाखवायचा कसा? तिनं काळी कडा लावून बघितली. ती शोकपत्रासारखी दिसली. तुटक कडा लावली. नर्सेसना वाटलं वायर निघाली आहे. सावली दिली तर नजर तिकडेच जात राहिली, आणि तेवढी ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला कमी येत होती. काहीच नाही दिलं तर पुन्हा कुणाची तरी आक्का बाकावर बसून रविवारचे बेत करणार. दिवसचे दिवस ती त्या एका कडेपाशी अडकून राहिली. घरी भाजी चिरताना, रस्ता ओलांडताना तिच्या डोळ्यांसमोर कडाच असायची.

शेवटी डॉक्टर कानिटकरांशी बोलून तिनं बारीक निळी कडा ठरवली, आणि त्याबरोबर वॉर्डाचा एक नियम. निळी कडा आली की डॉक्टरांनी स्वतः जाऊन तपासायचं. त्यांनाही तसंच वाटलं, तर घरच्यांना आत बोलवायचं आणि हवं तेवढा वेळ बसू द्यायचं. नर्सच्या नजरेनं जिथं फरक पडत नाही, तिथं घरच्यांची नजर राहील. हे सगळ्यांना पटलं. आक्कालाही पटलं, ती अजून मोजकंच बोलत होती, पण हे ऐकून तिनं प्रणिताला जेवून जा म्हटलं.

काही महिने ते नीट चाललं. मग प्रणिता एकदा मिरजेला गेली असताना तिनं बघितलं, की वॉर्डाचं दार उघडून नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "पाटलांचं कोण आहे? तुम्हाला आत बसायला परवानगी आहे."

बाकांवरची सगळी बोलणी थांबली. एक बाई, जतकडची वाटत होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेली, तिच्याकडे सगळ्यांनी एकदा बघितलं आणि मग माना वळवल्या. आत बसायला मिळणं म्हणजे काय, हे त्या बाकांवर कधीच कळून चुकलं होतं. बाई उठली नाही.

नर्सनं पुन्हा सांगितलं, थोडी थांबली, आणि परत आत गेली. प्रणिता बाईच्या शेजारी जाऊन बसली.

"आत कोण आहे?"

"ल्योक." बाई समोरच्या भिंतीकडे बघत होती. "आत न्हाई गेलं तर चालतंय का वो?"

प्रणिताला तिला मशीनचं सांगता आलं असतं, ते चुकतं हेही सांगता आलं असतं. "चालतं," ती म्हणाली. "कुणी जबरदस्ती करत नाही."

"मी हितं बसलीया तवर तो हाय."

"होय."

दोघी बसून राहिल्या. कुणीतरी लांबच्या नळावर बाटली भरत होतं. बऱ्याच वेळानं बाईनं विचारलं, "तुमचं कोन हाय आत?"

"दाजी होते. आक्काला आत सोडलं होतं. मुलगी लांबून आली होती."

"बोलले का?"

"बोलले. तुला कुणी बोलावलं, म्हणून रागावले."

बाईच्या तोंडावर काहीतरी हललं. तिनं पदरानं कपाळ पुसलं, भिंतीकडे एकदा बघितलं, आणि मांडीवरची पिशवी उचलून प्रणिताच्या हातात दिली.

"ही धरा जरा," ती म्हणाली, आणि दाराकडे गेली.